आधी घात वाच, मनू

मनू, काल रात्री तू फोनवर नीट बोललीच नाहीस. फिजिक्सचा युनिट टेस्टचा पेपर हातात आल्यापासून तुझं जेवणात लक्ष नाही, असं आई म्हणाली. मी विचारलं की तू ‘हो ताई, हो ताई’ म्हणतेस आणि विषय बदलतेस. म्हणून आज लॅबमधली सकाळची गर्दी ओसरल्यावर लिहायलाच बसले. लिहिलेलं असलं की तुला दोनदा, चारदा वाचता येईल, आणि मध्येच रडू आलं तरी कुणी बघणार नाही.

तू पाठवलेला पेपरचा फोटो मी मोठा करून ओळ न् ओळ वाचला. सूत्रं बरोबर आहेत. किमती बरोबर जागी घातल्यास. एककंही लिहिलीस. मार्क गेलेत ते सगळे शेवटच्या ओळीत, दहाच्या डोक्यावर बसलेल्या त्या बारक्या आकड्यात. म्हणजे ‘मला फिजिक्स जमत नाही’ हे जे तू आईला सांगितलंस, ते खरं नाही गं. दहाचे घात अजून तुझ्या ओळखीचे झालेले नाहीत, एवढंच झालंय. त्यांची भीती वाटते म्हणून तू त्यांच्याकडे न बघता घाईनं उत्तराखाली रेघ मारतेस.

हे मी इतक्या खात्रीनं सांगते, कारण माझंही हेच झालं होतं. कधी बोलले नाही तुझ्याशी. अकरावीला मी गावच्या मराठी शाळेतून थेट इंग्रजीतल्या सायन्सला गेले. पहिल्या आठवड्यात केमिस्ट्रीच्या सरांनी फळ्यावर अवोगाड्रो संख्या लिहिली, 6.022 × 10²³. मी शेवटच्या बाकावर होते. तो वरचा 23 माझ्या वहीत खाली उतरून दहाला चिकटला, आणि दिवाळीपर्यंत मी ‘सहा पॉइंट शून्य दोन दोन गुणिले एक हजार तेवीस’ असं पाठ करत राहिले. म्हणजे किती, तर सहा हजारांच्या जरा वर. अठरा ग्रॅम पाण्यात फक्त सहा हजार रेणू! किलोभर तांदळातसुद्धा याहून कितीतरी जास्त दाणे असतात. पण हा आकडा असा कसा, असं मी एकदाही कुणाला विचारलं नाही. वर्गातल्या बाकीच्यांना कळतंय आणि आपल्यालाच कळत नाही, असं वाटायचं. विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. ते एक मिनिट मी तीन महिने टाळलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्या मोबाईलवर फिरणाऱ्या नोट्समध्ये तर ही चूक जास्तच होते. टाइप करताना किंवा कॉपी करताना वरचा आकडा खाली येतो आणि 10⁸ चं 108 होऊन बसतं. कुठे ‘3 × 108 मीटर प्रति सेकंद’ असं दिसलं तर तिथेच पेन्सिलनं घात वर चढव आणि मगच पुढे वाच.

आता मूळ गोष्ट. ती खरं तर दोन ओळींची आहे. कोणतीही संख्या दोन भागांत लिहायची. पहिला भाग 1 किंवा त्याहून मोठा, पण 10 पेक्षा लहान. दुसरा भाग दहाचा कुठलातरी घात. प्रकाशाचा वेग 29,97,92,458 मीटर प्रति सेकंद आहे, तो आपण गणितात 3 × 10⁸ लिहितो. एवढंच. पण तू एक समजूत मनाशी धरून बसली आहेस, ती आजच सोड. घात म्हणजे शून्यांची संख्या नव्हे. दशांश चिन्हानं किती घरं ओलांडली, ते घात सांगतो. 6.022 × 10²³ सबंध लिहून काढलंस तर शेवटी वीसच शून्यं येतील, कारण तीन घरं 022 नं आधीच भरली आहेत. आणि 10⁻³ म्हणजे 0.001. दशांश चिन्हानंतर शून्यं दोनच, पण घरं तीन. शून्यं मोजत बसलीस की चुकशील. घरं मोज.

आणि वाचताना आधी घात वाच, मग पुढचा आकडा. आपण उलट करतो. 9.1 × 10⁻³¹ दिसलं की नजर 9.1 वर जाते, कारण तो ठळक आणि मोठा छापलेला असतो. खरी ओळख त्या उणे एकतीसमध्ये आहे. 9.1 च्या जागी चुकून 8.1 लिहिलंस तर उत्तर थोडं हलेल. उणे चिन्ह विसरलीस तर काय होतं, ते तुझ्याच पेपरात बघ. तू इलेक्ट्रॉनचं वस्तुमान 9.1 × 10³¹ किलोग्रॅम घेतलंस. सूर्याचं वस्तुमान आहे साधारण 2 × 10³⁰ किलोग्रॅम. म्हणजे तुझा एक इलेक्ट्रॉन पंचेचाळीस सूर्यांएवढा जड झाला! हे मी तुला हिणवायला सांगत नाही. इतकी मोठी गोष्ट एका एवढ्याशा आडव्या रेघेवर उभी असते, म्हणून ती रेघ लिहिताना हात क्षणभर थांबला पाहिजे, म्हणून सांगते.

तिसरं गणितही तसंच. एक अँपिअर प्रवाह वाहत असेल तर तारेतून एका सेकंदात किती इलेक्ट्रॉन जातात? तू 1 ला 1.6 × 10⁻¹⁹ नं भागलंस, रीत अगदी बरोबर. पण खालचा उणे एकोणीस वर येताना अधिक होतो, ते राहिलं, आणि उत्तर आलं 6.25 × 10⁻²⁰. आता हे उत्तर घातापासून वाच. उणे वीस. म्हणजे एकापेक्षा कमी, कितीतरी कमी. तारेतून एक अख्खा इलेक्ट्रॉनसुद्धा जात नाही, असं ते उत्तर म्हणतंय. मग दिवा कसा लागेल? खरं उत्तर 6.25 × 10¹⁸. जिथे ‘किती नग’ असा प्रश्न असतो, तिथे उत्तराचा घात उणे आला की समज, वरच्या ओळीत काहीतरी निसटलंय. एवढं तपासायला दहा सेकंद लागतात, आणि परीक्षेत तेवढी असतात.

घातांची बेरीज-वजाबाकी तुला अवघड वाटते, पण तू ती रोज बातम्यांत ऐकतेस. अर्थसंकल्पाच्या दिवशी ‘इतके लाख कोटी रुपये’ असं म्हणतात ना? लाख म्हणजे 10⁵, कोटी म्हणजे 10⁷. एक लाख कोटी म्हणजे पाच अधिक सात, 10¹². झाला गुणाकार. इंग्रजी बातमीत त्यालाच ट्रिलियन म्हणतात. भागाकारात वजाबाकी करायची. कोटीला लाखानं भाग, सातातून पाच गेले, उरले दोन, म्हणजे शंभर. एका कोटीत शंभर लाख असतात हे तुला कुणी शिकवावं लागलं का?

आपल्याकडे तर प्रत्येक घराला नाव होतं. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी असं करत करत अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी अठरा नावं दिली आहेत, आणि प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट. परार्ध म्हणजे 10¹⁷. मला ही यादी फार आवडते. आजोबा ती एका दमात म्हणायचे, तू तेव्हा लहान होतीस. पण अवोगाड्रो संख्येपर्यंत ती पोचत नाही, आणि छोट्या संख्यांसाठी तर तिच्यात काहीच नाही. दहाच्या घाताला नाव पाठ करावं लागत नाही आणि तो दोन्ही बाजूंना हवा तितका जातो, ही त्याची सोय.

मिळवणीचं मात्र वेगळं आहे. तू 3 × 10⁵ आणि 4 × 10³ यांची बेरीज 7 × 10⁸ केलीस. तीन लाखांत चार हजार मिळवले तर सत्तर कोटी होतील का गं? तीन लाख चार हजार होतील. म्हणजे 3.04 × 10⁵. बेरीज-वजाबाकी करताना आधी दोन्हींचे घात सारखे करायचे, जसं आपण हजार ‘लाखात’ सांगतो, तसं. घातांची बेरीज फक्त गुणाकारात.

आपल्या घरचंच एक गणित कर. आईच्या लग्नाला तीस वर्षं झाली. पाहुणेरावळे, सणवार, शेतातला डबा सगळं धरून दिवसाला वीस पोळ्या धर. वीस म्हणजे 2 × 10¹. वर्षाचे दिवस 3.65 × 10². वर्षं 3 × 10¹. आकडे वेगळे गुण, 2 × 3.65 × 3, झाले 21.9. घात वेगळे मिळव, एक, दोन आणि एक, झाले चार. उत्तर 21.9 × 10⁴. पण 21.9 हा दहापेक्षा मोठा आहे, म्हणून दशांश चिन्ह एक घर डावीकडे घे आणि घात एकानं वाढव. 2.19 × 10⁵. दोन लाखांवर पोळ्या, मनू. तिच्या त्या दोन हातांनी. मी हे गणित पहिल्यांदा केलं त्या दिवशी आईला काही न सांगता रात्रीची कणीक मळली होती.

या अंदाजाच्या गणितात वीस पोळ्या होत्या की अठरा, यानं फारसं बिघडत नाही. घात पाचच राहतो. म्हणूनच घाताची सवय असलेल्या माणसाला बातमीतला मोठा आकडा ऐकून बुजायला होत नाही. आदित्य एल-1 आठवतंय? 2 सप्टेंबर 2023 ला यान सुटलं आणि आपल्या गल्लीत सगळे म्हणत होते, भारत सूर्यावर चालला. ते यान जिथे जाऊन थांबलं ती जागा पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे 1.5 × 10⁹ मीटर. सूर्य आहे 1.5 × 10¹¹ मीटरवर. पुढचा 1.5 दोन्हीकडे सारखाच, बघायचा तो घात. नऊ आणि अकरा. दोनाचा फरक, म्हणजे शंभरपट. यान वाटेच्या शंभराव्या हिश्शावर थांबलंय. त्यानं कामगिरीला जराही कमीपणा येत नाही, उलट तिथे राहून त्याला सूर्याकडे अखंड बघता येतं. पण ‘सूर्याजवळ पोचलं’ असं म्हणणं चूक आहे, आणि ते कळायला तुला फक्त अकरातून नऊ वजा करायचे होते.

बाबांच्या डेंग्यूच्या वेळचं तुला सगळं सांगितलं नव्हतं. तू नववीत होतीस, परीक्षा चालू होती. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि तालुक्याच्या लॅबमधून आईच्या मोबाईलवर रिपोर्ट आला. शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांनी वाचलं, ‘प्लेटलेट 62.’ त्यांना माहीत होतं की प्लेटलेट लाखांत असतात. ‘अहो, बासष्टच राहिल्यात!’ असं त्या म्हणाल्या आणि आईचे हातपाय गार पडले. मला फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, ‘आई, रडू नकोस, फक्त वाच. त्या बासष्टच्या शेजारी, एककाच्या रकान्यात, काय छापलंय?’ ती बराच वेळ शोधत होती. मग म्हणाली, ‘दहा लिहिलंय आणि वर बारीक तीन आहे.’ 10³ प्रति मायक्रोलिटर. म्हणजे 62 हजार. कमीच होत्या, दीड लाख ते साडेचार लाख असायला हव्यात, आणि डॉक्टरांकडे जायलाच हवं होतं. गेलेच ते. पण बासष्ट आणि बासष्ट हजार यांच्यामध्ये आईची ती वीस मिनिटं होती. त्या रकान्यातला बारीक तीन तिला कुणी वाचायला शिकवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबांना पुण्याला आणलं. इथल्या रिपोर्टवर छापून आलं 64 × 10⁹ प्रति लिटर. आईनं मला विचारलं, ‘कालचा तीन होता, आज नऊ आहे, म्हणजे खूप वाढल्या ना?’ किती आशेनं विचारलं होतं तिनं. मला सांगावं लागलं, की काल एका मायक्रोलिटरमधल्या मोजल्या होत्या आणि आज एका लिटरमधल्या. एका लिटरात 10⁶ मायक्रोलिटर असतात, म्हणून तीनाचे नऊ झाले. आकडा जवळजवळ तोच. घात कधीही एकटा वाचायचा नाही, त्याच्या मागचं एकक धरूनच वाचायचा. माझ्या कामात हे दिवसातून पन्नास वेळा येतं. तांबड्या पेशी 10⁶ मध्ये, पांढऱ्या 10³ मध्ये, आणि बी-12 पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमच्या 10⁻¹² मध्ये. इतक्या कमी ग्रॅमांवर माणसाच्या हातापायांतल्या मुंग्या अवलंबून असतात, याचं मला अजून नवल वाटतं.

लहान संख्यांबद्दल आणखी थोडं, कारण तू सगळ्यात जास्त तिथे अडखळतेस. उणे घात म्हणजे ऋण संख्या नव्हे. 10⁻⁶ ही शून्यापेक्षा मोठी, खरीखुरी, पण छोटी गोष्ट आहे. आणि 10⁻¹⁰ हे 10⁻¹⁵ पेक्षा मोठं आहे. तू पेपरात नेमकं उलटं लिहिलंस, कारण पंधरा दहापेक्षा मोठे असतात हे डोक्यात पक्कं बसलंय. शिडी डोळ्यांपुढे आण. डोक्यावरचा केस साधारण 7 × 10⁻⁵ मीटर जाड. एक पायरी खाली उतरलीस की तांबडी पेशी, साडेसात गुणिले 10⁻⁶. मायक्रोस्कोपखाली मी त्या रोज बघते, मध्ये जरा दबलेल्या, गोल. अजून दोन पायऱ्या खाली डेंग्यूचा विषाणू, 5 × 10⁻⁸. तो माझ्या मायक्रोस्कोपला दिसत नाही, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरीच 4 ते 7 × 10⁻⁷ मीटरच्या असतात, विषाणूपेक्षा मोठ्या. आणखी खाली 10⁻¹⁰ वर अणू, आणि 10⁻¹⁵ वर त्याचं केंद्रक. उणे दहा आणि उणे पंधरा कागदावर शेजारी वाटतात. मध्ये पाच पायऱ्या आहेत, म्हणजे लाखपट. फोडणीतल्या बारीक मोहरीचा एक दाणा, मिलिमीटरभराचा, केंद्रक म्हणून आपल्या अंगणात ठेवलास, तर सबंध अणूचा पसारा शंभर मीटरचा होईल. घरापासून वेशीवरच्या मारुतीपर्यंत, आणि मधली सगळी जागा जवळजवळ मोकळी.

बोर्डाच्या परीक्षेत कॅलक्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्याचाही तू धसका घेतलायस, असं आई म्हणाली. अगं, लॉग टेबलची अर्धी भीती घातानंच जाते. संख्या आधी सायंटिफिक नोटेशनमध्ये, म्हणजे वर सांगितलं तशी दोन भागांत, लिही. तिचा जो घात, तोच कॅरॅक्टरिस्टिक, म्हणजे लॉगमधला दशांश चिन्हाआधीचा भाग. टेबलात फक्त पुढचा आकडा बघायचा. 6.022 × 10²³ चा लॉग? टेबलात 6.022 बघ, मिळेल .7797. त्याच्या आधी 23 लाव. झालं, 23.7797. इलेक्ट्रॉनचं 9.1 × 10⁻³¹? टेबलात 9.1 ला .9590, आणि आधी 31 वर बार. बार म्हणजे तो उणे घातच, फक्त डोक्यावर आडवा पडलेला. आम्हाला क्लासमध्ये ‘दशांश चिन्हाआधी किती अंक, त्यातून एक वजा, चिन्हानंतर किती शून्यं, त्यात एक मिळवून बार’ असा नियम पाठ करून घेतला होता. मी तो नेहमी उलटा वापरायचे. घाताचा आणि कॅरॅक्टरिस्टिकचा संबंध कळल्यापासून तो नियम मला लागलाच नाही.

वर्गमूळ काढताना घात सम करून घे. 2.5 × 10⁻⁷ चं वर्गमूळ हवंय तर त्याला 25 × 10⁻⁸ कर, मग सरळ 5 × 10⁻⁴. आणि जर्नलसाठी कॅलक्युलेटर वापरशील तेव्हा ‘ईएक्सपी’ची कळ दाबण्याआधी 10 दाबू नकोस. त्या कळीतच ‘गुणिले दहाचा घात’ आहे. 3, मग ती कळ, मग 8. मध्ये गुणिले 10 घातलंस की उत्तर दहापट होतं, आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

अजून एक, ज्यावर तुमचे सर मार्क कापतात आणि तुला तो अन्याय वाटतो. 1.5 × 10⁵ आणि 1.500 × 10⁵ एकच आहेत, असं तू म्हणतेस. किमतीला एक आहेत, सांगण्यात नाहीत. पहिल्यात तू म्हणतेस, मला दोन अंकांपर्यंत खात्री आहे. दुसऱ्यात म्हणतेस, चार अंकांपर्यंत आहे. नुसतं 1,50,000 लिहिलं तर कळतच नाही, की ती शून्यं मोजून आली आहेत की जागा भरायला. माझ्या मशीननं 152 × 10³ दिलं तर मी पेशंटला ‘एक लाख बावन्न हजार तीनशे सत्तेचाळीस’ असं सांगू शकत नाही. तेवढं मशीनला माहीतच नाही. जेवढं माहीत आहे तेवढंच लिहायचं, याला ते सार्थ अंक म्हणतात. मला हा नियम सबंध फिजिक्समधला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, म्हणून त्यावर कापलेला अर्धा मार्क मला पटतो. रागावू नकोस.

आता तुझ्या आवडीचं. खोडदच्या रेडिओ दुर्बिणी. लहानपणी 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, बाबा आपल्याला तिथलं प्रदर्शन बघायला घेऊन जायचे आणि तू त्या मोठ्या ताटल्यांना ‘चाळण्या’ म्हणायचीस. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस ताटल्या, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या. त्या टिपतात त्यात हायड्रोजनच्या अणूंतून येणारी लहरही असते. तिची वारंवारता 1.42 × 10⁹ हर्ट्झ. लांबी काढ. वेग भागिले वारंवारता. 3 ला 1.42 नं भागले की 2.11, आठातून नऊ गेले की उणे एक. 2.11 × 10⁻¹ मीटर, म्हणजे एकवीस सेंटीमीटर, तुझ्या कंपासमधल्या पट्टीहून सहा सेंटीमीटर जास्त. बघ, विश्वभर पसरलेल्या हायड्रोजनची लहर तू दोन ओळींत मोजलीस.

त्या दुर्बिणींची माणसं आकाशातल्या रेडिओ उगमाची प्रखरता जान्स्कीत मोजतात. कार्ल जान्स्की या अमेरिकन इंजिनिअरला 1930 च्या दशकात आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ लहरी पहिल्यांदा सापडल्या, त्याच्या नावानं. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरवर, दर हर्ट्झला 10⁻²⁶ वॉट. एका ताटलीचं क्षेत्रफळ साधारण 1.6 × 10³ चौरस मीटर. लहरींचा पट्टा 3.2 × 10⁷ हर्ट्झ रुंद धर. घात मिळव, उणे सव्वीस, तीन आणि सात, झाले उणे सोळा. आकडे गुण, 1.6 × 3.2, पाचाच्या जरा वर. एका जान्स्कीच्या उगमापासून एका ताटलीवर पडते ती शक्ती 5 × 10⁻¹⁶ वॉट. आपल्या देवघरातला पाच वॉटचा दिवा एक सेकंद लावायला पाच ज्यूल ऊर्जा लागते. ती या ताटलीवर साठवायची तर किती वेळ? पाच भागिले 5 × 10⁻¹⁶, म्हणजे 10¹⁶ सेकंद. वर्षात 3.15 × 10⁷ सेकंद असतात. भाग दे. 3.2 × 10⁸ वर्षं. बत्तीस कोटी वर्षं साठवली तर एक सेकंद दिवा लागेल, इतक्या मंद हाकेला त्या चाळण्या ओळखतात! ही गोष्ट शून्यं लिहीत बसून कुणाला समजली असती का?

तुझ्यासाठी एक राखून ठेवलंय. आत्ता करू नकोस, मी आल्यावर करू. पाण्याचा एक थेंब साधारण 0.05 ग्रॅमचा असतो. त्यात रेणू किती? 0.05 ला 18 नं भाग आणि अवोगाड्रो संख्येनं गुण. माझं उत्तर 1.67 × 10²¹ आलंय. जगातल्या आठ अब्ज माणसांनी सगळी कामं सोडून दर सेकंदाला एकेक रेणू मोजला, तर एक थेंब मोजायला साडेसहा हजारांहून जास्त वर्षं लागतात. कसं, ते तू काढून दाखव.

शनिवारी दुपारच्या एसटीनं येते. माझं जुनं लॉग टेबल माळ्यावरच्या निळ्या पेटीत आहे, आईच्या जुन्या पातळांखाली, ते काढून पुसून ठेव. अकरावीची माझी केमिस्ट्रीची वहीही तिथेच असेल. पहिल्याच पानावर ते 1023 तसंच आहे, खोडलेलं नाही. आणि तो पेपर फाडू नकोस. सरांनी लाल पेननं गोल केलेले सगळे घात आपण दोघी मिळून परत लिहू.